रेघांची जंत्री

हवेतला ओझोन मोजणारे यंत्र आतून अगदी साधे असते. एक लांबट नळी, तिच्या एका टोकाला पाऱ्याचा दिवा आणि दुसऱ्या टोकाला उजेड टिपणारा डिटेक्टर. पंप बाहेरची हवा नळीत ओढतो. दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ओझोन गिळतो, म्हणून हवेत ओझोन असेल तर पलीकडे पोचणारा उजेड किंचित उतरतो. मग तीच हवा ओझोन नाहीसा करणाऱ्या गाळणीतून नळीत सोडतात आणि उजेड पुन्हा चढतो. या दोन वाचनांतली तफावत, एवढेच काय ते यंत्राला समजते. त्या तफावतीवरून 'अब्जात इतके भाग ओझोन' असे म्हणता यावे म्हणून यंत्राच्या पोटात आधीच एक आकडा भरून ठेवलेला असतो: या प्रकाशाच्या वाटेत ओझोनचा एक रेणू म्हणजे केवढा अडथळा. प्रयोगशाळेत याला सरळ क्रॉस-सेक्शन म्हणतात.

गेली साठेक वर्षे जगभर वापरात असलेला हा आकडा १९६१ साली हर्न यांनी मोजला होता: १.१४७ गुणिले दहाचा उणे सतरावा घात, चौरस सेंटिमीटर. पुढच्या काळात निरनिराळ्या प्रयोगशाळांनी केलेली मोजमापे बहुतेक त्याच्या थोडी खालीच येत राहिली. अखेर मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ती सगळी एकत्र चाळून १.१३२९ हा आकडा नक्की केला आणि १ जानेवारी २०२५ पासून जगभरच्या ओझोन-यंत्रांत तो टप्प्याटप्प्याने भरायचे ठरले. फरक सुमारे सव्वा टक्क्याचा. रेणू आपण समजत होतो त्यापेक्षा कमी अडथळा करत असेल, तर तेवढाच उजेड उतरवायला रेणू जास्त लागणार. म्हणजे नवा आकडा भरला त्या दिवसापासून त्या केंद्राच्या नोंदीत ओझोन सव्वा टक्क्याने वाढलेला दिसणार, मग ते केंद्र पुण्यातले असो की पॅरिसमधले. हवेत मात्र एकही रेणू वाढलेला नाही.

वाण्याच्या तागडीतले किलोचे वजन झिजलेले निघाले आणि वजनमाप खात्याने शिक्क्याचे नवे वजन घ्यायला लावले, तर काल नेलेल्या ज्वारीचे काय झाले असे कोणी विचारत बसत नाही. हवेच्या बाबतीत ते विचारावेच लागते. हवेचे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे माप आजच्या मापाशी ताडूनच आपण प्रदूषण वाढल्याची किंवा ओझोनचा थर सावरत असल्याची विधाने करतो. वजन कधी बदलले, कोणी बदलले आणि जुन्या नोंदी नव्या वजनाने पुन्हा मांडल्या की नाही, हे ठाऊक नसेल तर त्या विधानांना काही अर्थ उरत नाही.

प्रस्तुत पुस्तक या वजनांविषयी आहे. रेणू कोणता प्रकाश किती शोषतात याच्या संदर्भ-सारण्या कशा तयार होतात, कोण सांभाळतो, त्यांत काय बरोबर असते आणि काय अजून चाचपडते आहे, हा त्याचा विषय. उपग्रहावरची, विमानातली, गच्चीवर मांडलेली, वातावरणात काय आहे ते दुरून सांगणारी जवळजवळ सगळी उपकरणे शेवटी या सारण्यांपाशी येऊन थांबतात. उपकरणांची छायाचित्रे छापून येतात, त्यांच्या उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात. सारणीच्या नशिबी शोधनिबंधाच्या तळाशी लागणारा एक संदर्भ-क्रमांक असतो, तोही लिहिणाऱ्याला आठवला तर.

अशा सारण्यांत सगळ्यात मोठे नाव हिट्रान. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हवाई दलाची केंब्रिज संशोधन प्रयोगशाळा होती, तिथे १९६० च्या दशकात हे काम सुरू झाले. हेतू शुद्ध विज्ञानाचा मुळीच नव्हता. विमानाची किंवा क्षेपणास्त्राची उष्णता दुरून हेरायची तर मधल्या हवेतून कोणता अवरक्त प्रकाश पार होतो आणि कोणता अडतो हे लष्कराला ठाऊक हवे होते. १९७३ साली पहिला संग्रह बाहेर पडला, त्यात सात रेणू आणि लाखाहून अधिक रेघा होत्या. चुंबकीय फितीवर भरून तो मागेल त्याला दिला जाई. पुढे लॉरेन्स रॉथमन यांनी हे काम अनेक दशके नेटाने चालवले. ते हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात गेले तेव्हा हिट्रानही त्यांच्याबरोबर तिकडे गेले, आणि आता ती जबाबदारी यूली गॉर्डन यांच्याकडे आहे. दर चार वर्षांनी नवी आवृत्ती निघते. २०१६ च्या आवृत्तीत ४९ रेणू होते, २०२० च्या आवृत्तीत ५५ आहेत. लष्कराच्या गरजेतून निघालेली गोष्ट आज हवामानबदलाच्या प्रत्येक हिशेबाच्या मुळाशी आहे आणि कोणालाही फुकट मिळते. विसाव्या शतकातल्या विज्ञानात असे वारंवार घडले आहे, त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

हिट्रानची फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्याची मात्र निराशा होते. तिच्यात आलेख नसतो, रंगीत पट्टा नसतो, नुसत्या आकड्यांच्या ओळी. २००४ पासून प्रत्येक ओळ बरोबर १६० अक्षरांची. एक ओळ म्हणजे एक रेघ, म्हणजे एका रेणूची एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत घेतलेली एक उडी. सुरुवातीला रेणूचा क्रमांक येतो: १ म्हणजे पाणी, २ कार्बन डायऑक्साइड, ३ ओझोन, ४ नायट्रस ऑक्साइड, ५ कार्बन मोनॉक्साइड, ६ मिथेन, ७ ऑक्सिजन. १९७३ चे ते सात रेणू हेच, आणि त्यांचे क्रमांकही तेव्हापासून तेच. त्याला लागून समस्थानिकाचा क्रमांक. साध्या पाण्याचे टोपणनाव १६१, आणि एका हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसले की १६२. साधा कार्बन डायऑक्साइड ६२६. अणूंच्या वस्तुमानांचे शेवटचे अंक तेवढे उचलून केलेली ही टोपणनावे प्रयोगशाळांतून इतकी रुळली आहेत की चहाच्या टेबलावरही लोक 'सहा-दोन-सहा' असेच म्हणतात.

मग रेघेची जागा येते, एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग मावतात या मापात, दशांशानंतर सहा अंकांपर्यंत. नंतर तिची तीव्रता. नवा विद्यार्थी हमखास अडखळतो तो इथे. हिट्रान देते ती तीव्रता पृथ्वीवर ते समस्थानिक जेवढ्या प्रमाणात आढळते त्या प्रमाणाने आधीच गुणलेली असते. १६२ जातीचे पाणी सुमारे ०.०००३१ इतकेच असते, आणि तो गुणाकार ओळीत होऊनच आलेला असतो. सावध विद्यार्थी तो पुन्हा करतो आणि मग उत्तर तीन हजार पटींनी का चुकले ते आठवडाभर शोधत बसतो. सारणी वापरण्यापूर्वी तिच्यासोबतचे माहितीपत्रक वाचावे, हा सल्ला सगळेच देतात.

पुढे रेघेची जाडी. दाब वाढला की रेणू एकमेकांवर जास्त आदळतात आणि रेघ फुगते. जमिनीजवळच्या दाबाला कार्बन डायऑक्साइडच्या रेघेची अर्धी रुंदी, जागेच्याच मापात, साधारण ०.०७ भरते, आणि वर जावे तशी ती बारीक होत जाते. उपग्रह याच गोष्टीचा फायदा घेतो: रेघेचा मधला टोकदार भाग वरच्या हवेची बातमी देतो आणि पसरट कडा खालच्या हवेची. म्हणून जाडीचा आकडा दोन-चार टक्क्यांनी चुकला तर वायू चुकीच्या उंचीवर जाऊन बसतो. सगळे आकडे २९६ केल्विनला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला दिलेले असतात. पुण्याच्या हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला अशी हवा असते. पण त्याच वेळी त्याच जागेच्या वर सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ऐंशीच्या आसपास असते. तिथला हिशेब करायचा तर रेघ ज्या अवस्थेतून निघते तिची ऊर्जा लागते, तिच्यासाठी वेगळा रकाना आहे. जाडी तापमानाबरोबर कशी बदलते याचाही एक आहे.

आणि ओळीच्या शेवटाकडे, क्वांटम अंकांच्या गर्दीनंतर, सहा एकेरी अंक असतात. माझ्या मते सबंध हिट्रानचा प्राण त्या सहा अंकांत आहे. जागा, तीव्रता, जाडी अशा प्रत्येक राशीवर किती भरवसा ठेवावा हे ते सांगतात. तीव्रतेपुढे ८ असेल तर चूक एका टक्क्याच्या आत, ५ असेल तर पाच ते दहा टक्के, ३ असेल तर वीस टक्के किंवा त्याहून अधिक. २ म्हणजे अंदाज, १ म्हणजे काहीतरी भरायचे म्हणून भरलेले, आणि शून्य म्हणजे माहीत नाही किंवा कोणी कळवले नाही. त्याच्यापुढे आणखी सहा संदर्भ-क्रमांक: हा आकडा कोणत्या निबंधातून घेतला. आपले अज्ञान इतक्या बारकाईने, आकड्यागणिक लिहून ठेवणारा दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. आपल्याकडच्या किती सरकारी सर्वेक्षणांत असा रकाना असतो, हे वाचकाने आपल्या अनुभवावरून ठरवावे.

पुणे आणि वर्णपट यांचा संबंध या सारण्यांहून पुष्कळ जुना आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभारली. १८८८ मध्ये ती पुरी झाली. वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, आणि नायगमवालांचा खरा ओढा होता तो दुर्बिणीला लावलेल्या वर्णपटदर्शकाकडे. १८९१ च्या सुमाराला त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या मुख्य हिरव्या रेघेवर काम केले. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे होते की ही रेघ मॅग्नेशियमची, आणि तसे असेल तर ती एका बाजूने विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांना ती दर वेळी बारीक आणि रेखीव दिसली. इंग्लंडात लॉकियर यांच्या प्रभावाखाली या विषयाकडे वळलेल्या माणसाने त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध जाणारी नोंद छापली, हे मला त्या काळातल्या आपल्या विज्ञानातले एक ठळक उदाहरण वाटते.

मग ती रेघ कोणाची? कोणत्याच सारणीत तिची जागा नव्हती. म्हणून 'नेब्युलियम' नावाचे एक मूलद्रव्यच लोकांनी कल्पिले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, पृथ्वीवरच्या दाबाला ती प्रयोगशाळेत उमटत नाही एवढेच. सारणीत नसलेली रेघ दिसली की नवा पदार्थ सापडला म्हणायचे की आपली सारणी अपुरी म्हणायचे, हा पेच तेव्हापासून सुटलेला नाही. हेलियमच्या वेळी पहिले उत्तर बरोबर निघाले, नेब्युलियमच्या वेळी दुसरे.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाबद्दल लिहिले पाहिजे. किल्ल्याजवळच्या 'सायबाच्या ओट्यां'वरून लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधला, असे दरवर्षी १८ ऑगस्टला वर्तमानपत्रांत येते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गाला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झाल्यावर. त्याच ग्रहणासाठी नायगमवाला आपली पुण्याची उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. ओट्यांचे महत्त्व खऱ्या इतिहासाने कमी होत नाही, पण जेऊरला मात्र कोणी उत्सव करत नाही. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली.

शहरात हा विषय परत आला तो शिवाजीनगरला. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. त्या दगडी इमारतीला लोक 'सिमला ऑफिस' म्हणू लागले आणि चौकाचे नावही तेच पडले. सिमला ऑफिसला उतरणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल की विषुववृत्तीय ओझोनच्या इतिहासातली मोठी माणसे याच खात्याच्या पुणे कचेरीत वावरली? सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन त्यांतले एक. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष ही पदे त्यांच्याकडे नंतर आली. आर. व्ही. करंदीकर यांच्यासह त्यांनी १९४९ साली छापलेला निबंध आजही वाचण्याजोगा आहे. ऑक्सफर्डच्या डॉबसन यांनी बनवलेल्या वर्णपटमापकाने ओझोन मोजताना हवेतली धूळ आणि धुरकट थर मापात किती ढवळाढवळ करतात, हा त्याचा विषय. आपल्या उन्हाळ्याचे आकाश पाहिलेल्यालाच हा प्रश्न सुचावा. रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिऱ्यांचे वर्णपट घेतलेल्या अॅना मणी १९४८ मध्ये याच खात्यात पुण्याला रुजू झाल्या आणि १९६० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने फुग्याबरोबर वर जाणारे भारतीय ओझोनमापक तयार झाले.

डॉबसनच्या यंत्राची युक्ती अशी: सूर्यप्रकाशातल्या जवळजवळच्या दोन तरंगलांब्या निवडायच्या, उदाहरणार्थ ३०५.५ आणि ३२५.४ नॅनोमीटर. पहिली ओझोन खूप शोषतो, दुसरी अगदी थोडी. दोहोंच्या गुणोत्तरावरून डोक्यावरच्या सबंध हवेतला ओझोन काढायचा. सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर थर किती जाड होईल, ते मिलिमीटरच्या शतांशात सांगायचे. आपल्या अक्षांशाला हा आकडा बहुधा २५० ते २८० च्या घरात असतो, म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटरपर्यंत. पण गुणोत्तरावरून जाडी काढायला पुन्हा तोच प्रश्न: त्या तरंगलांब्यांना ओझोन किती शोषतो?

डॉबसन आणि त्यांचे सहकारी सुरुवातीच्या काळात नी त्सी-झे आणि चूंग शिन-प्याव या दोन चिनी भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मोजलेले गुणांक वापरत. १९५३ साली फ्रान्सच्या व्हिग्रू यांनी नवी मोजमापे दिली. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सुरू झाले त्या दिवशी, १ जुलै १९५७ ला, ती जगभर लागू झाली आणि त्यापूर्वीच्या नोंदी १.३६ ने गुणून घ्याव्यात असे ठरले. जुन्या वहीत १९० असेल तर ते आता २५८ वाचायचे. छत्तीस टक्के! ओझोनचा थर विरळ होण्याच्या ज्या बातम्यांनी १९८० च्या दशकात जग हादरले, त्यांतला उष्ण कटिबंधावरचा बदल या दुरुस्तीच्या पासंगालाही पुरणार नाही. पुढे १ जानेवारी १९९२ पासून बास आणि पॉर यांचे गुणांक आले आणि सगळे आकडे सुमारे २.६ टक्क्यांनी खाली उतरले.

यात आणखी एक मेख आहे. ओझोनचे शोषण तापमानावर अवलंबून असते, आणि डॉबसन-जाळ्यातल्या सगळ्या केंद्रांनी ओझोनचा थर उणे ४६.३ अंश तापमानाला आहे असे धरून चालायचे, असा सर्वमान्य संकेत आहे. लंडनला तोच, पुण्याला तोच, जानेवारीत तोच, जूनमध्ये तोच. संकेत म्हणून तो उपयोगी आहे, कारण सगळे एकाच मापाने चुकतात. पण ध्रुवाजवळच्या आणि विषुववृत्ताजवळच्या केंद्रांची तुलना करताना ही चूक सगळीकडे सारखी नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. चौथे प्रकरण बरेचसे यावर आहे आणि ते किचकट आहे. त्याला इलाज नाही.

आज पुण्यात या सारण्यांचा सगळ्यात मोठा वापर होतो तो पाषाणला. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, लोकांच्या तोंडी आयआयटीएम, १९६२ साली स्थापन झाली. तिथल्या अनूप महाजन यांच्या गटाची मॅक्स-डोआस उपकरणे जहाजांवरून हिंदी महासागरात फिरून आली आहेत. हे उपकरण सूर्याकडे थेट बघत नाही, आकाशातला विखुरलेला उजेड घेते. छोटी दुर्बीण आधी क्षितिजाच्या दोन-चार अंश वर रोखायची, मग थोडी वर, मग आणखी वर, शेवटी डोक्यावर. क्षितिजाजवळच्या उजेडाने खालच्या हवेतून लांब वाट काढलेली असते, डोक्यावरच्याने थोडी. एकाला दुसऱ्याने भागले की सूर्याच्या स्वतःच्या रेघा बव्हंशी कटतात आणि मागे उरते ती जमिनीलगतच्या हवेची खूण.

मग संगणकावर फिट बसवायचे. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ब्रसेल्सच्या व्हान्डाल यांची १९९८ ची सारणी, गार हवेसाठी २२० केल्विनची आणि गरम हवेसाठी २९४ ची. ओझोनची वेगळी, पाण्याच्या वाफेची हिट्रानमधून काढलेली, आणि दोन ऑक्सिजन रेणू क्षणभर एकमेकांना चिकटून जे शोषतात त्याचीही एक. पडद्यावर वरचा वेडावाकडा आलेख या सगळ्यांच्या बेरजेने जुळवत न्यायचा आणि जुळवून झाल्यावर तळाशी जो अवशेष राहतो, ज्याला सगळे 'रेसिड्युअल' म्हणतात, तो बघायचा. तो नुसता खरखरीत असेल तर ठीक. त्यात ओळखीची नागमोड दिसली तर काहीतरी सुटले आहे. समुद्रावरच्या हवेतला आयोडीन ऑक्साइड असाच सापडतो. त्याचे प्रमाण हजार अब्जांत एखादा भाग, कधी त्याहून कमी, आणि त्याच्यामुळे उजेडात पडणारा फरक दहा हजारांत काही भागांचा. अशा वेळी पाण्याच्या सारणीतली एखादी गाळलेली रेघ आयोडीनचा वेष घेऊन समोर उभी राहू शकते. ज्या माणसाला सारणीच्या दुबळ्या जागा पाठ असतात तोच तिला ओळखतो. मला तरी या कामात उपकरणापेक्षा ही ओळख दुर्मीळ वाटते.

त्याच आवारात मान्सूनची प्रारूपे महासंगणकावर चालतात. त्यांना रेघा एकेक करून मोजत बसणे परवडणारे नाही. लाखो रेघा, अनेक थर, पृथ्वीभर पसरलेले चौकोन आणि दर थोड्या वेळाने पुन्हा तोच हिशेब. म्हणून संस्थेतल्या सीएफएस प्रारूपात आणि त्यातून वाढवलेल्या पृथ्वी-प्रणाली प्रारूपात किरणांचा हिशेब आरआरटीएम घराण्याच्या आज्ञावलीकडे दिलेला असतो. तिची करामत अशी की रेघा जागेनुसार न लावता ताकदीनुसार लावायच्या, दुबळ्या एकीकडे आणि बलाढ्य दुसरीकडे. मग लाखो रेघांचे काम दीर्घ तरंगांसाठी १४० आणि लघु तरंगांसाठी ११२ प्रातिनिधिक बिंदूंवर भागते. हे बिंदू ज्या सविस्तर गणनेतून काढले तिच्या बुडाशी हिट्रानच असते. जूनमध्ये दूरदर्शनवर पावसाचा अंदाज ऐकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत त्या १६० अक्षरी ओळी अशा पोचतात, पुष्कळ हात बदलून.

या प्रवासात चुका होत नाहीत असे नाही. हिट्रानच्या १९९६ च्या आवृत्तीत पाण्याच्या दृश्य आणि निकट-अवरक्त पट्ट्यांतल्या तीव्रता मूळ निबंधांतून सारणीच्या एककात आणताना रूपांतराच्या चुका राहून गेल्या होत्या. गिव्हर, चॅकेरियन आणि प्रसाद वाराणसी यांनी त्या शोधून २००० साली दुरुस्ती छापली. पाण्याची वाफ सूर्याची किती ऊर्जा वाटेतच अडवते हा प्रश्न याच पट्ट्यांतला आणि आपल्या पावसाळी हवेत तर तो बिनीचा. चूक कारकुनी होती, पण ती पकडायला जुने निबंध काढून मूळ आकडे पुन्हा बसवावे लागले. काही कामांना हिट्रानची अचूकताही पुरत नाही. २०१४ मध्ये गेलेल्या ओसीओ-२ उपग्रहाला चारशे भागांत एका भागाइतका बारीक फरक हवा होता, म्हणजे पाव टक्का. त्याच्या चमूला ऑक्सिजनच्या ७६० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी आणि कार्बन डायऑक्साइडच्या दोन पट्ट्यांसाठी वेगळी मोजमापे करून आपल्या स्वतंत्र सारण्या बनवाव्या लागल्या. फ्रान्समध्ये 'गैसा' नावाची दुसरी सारणी १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि अतिनील-दृश्य पट्ट्यांसाठी जर्मनीत माइन्झचा संग्रह आहे. दोन सारण्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा चांगला संशोधक वैतागत नाही, खूश होतो.

आपण या सारण्यांचे मोठे गिऱ्हाईक आहोत, त्यांत भर मात्र बेताचीच घालतो, असे माझे मत आहे. पाषाण रस्त्यालाच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जवळ आयसर आहे, विद्यापीठात वातावरण व अवकाशविज्ञानाचा विभाग आहे. थंड केलेल्या नळीत शुद्ध वायू भरून महिनोन्महिने एकाच पट्ट्याची रुंदी मोजण्याचे काम इथे करता येणार नाही असे नाही. त्या कामाला प्रसिद्धी नाही, प्रबंधाला ते लांबते आणि निकाल म्हणून हातात येतो एक रकाना, ज्यात पूर्वी ४ होता तिथे आता ६ आहे. कोणाला तरी त्यात गोडी वाटेल या आशेने सहावे प्रकरण जरा जास्तच तपशिलाने लिहिले आहे. संपादकांनी ते कापायला सुचवले होते, मी ऐकले नाही.

वाचकाला भौतिकशास्त्राची पदवीपर्यंतची ओळख आहे एवढे गृहीत धरले आहे. क्वांटम यामिकी विसरली असेल तर दुसरे प्रकरण सोडून पुढे गेले तरी चालेल, पाचव्यात अडल्यावर मागे यावे. पुस्तकातले रेघांचे सगळे आकडे हिट्रानच्या २०२० च्या आवृत्तीतले आहेत आणि जमिनीलगतच्या ओझोनसाठी १.१३२९ धरला आहे. डॉबसनच्या जुन्या नोंदी मूळ वहीत होत्या तशाच दिल्या असून प्रत्येकीपुढे ती कोणाच्या गुणांकांवर काढली ते लिहिले आहे. गुणाकार वाचकाने करायचा आहे. हिट्रानची पुढची आवृत्ती हाती आली की तिसऱ्या आणि सातव्या प्रकरणातल्या तक्त्यांतले काही आकडे बदलतील. समासात जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, तिथे पेन्सिलीने नवा आकडा आणि आवृत्तीचे साल, दोन्ही लिहावे.